स्पोर्ट बाईकची पॉवर वाढवायची? आधी गेलेली पॉवर परत आणा भो

जळगावला मे महिन्यात दुपारी गाडी काढली आणि ती नेहमीसारखी ओढत नसेल तर लगेच सायलेन्सर बघायला पळू नका. गरम हवा विरळ असते, २५ डिग्रीच्या मानाने ४५ डिग्रीला हवा साधारण सहा टक्के पातळ होते, म्हणजे सिलेंडरमधे ऑक्सिजन तेवढा कमी जातो, इंजेक्शनवाली गाडी मग पेट्रोलपण तेवढंच कमी सोडते, आणि यामाहाच्या १८ पीएसच्या, म्हणजे साधारण १८ घोड्यांच्या ताकदीच्या आर१५ मधला एक घोडा असाच उन्हात जातो. तोरणमाळला चढवली तर हजार मीटरच्या वर दहा टक्क्यांच्या आसपास जाते. यात गाडीचा काही दोष नाय.

पण बाकीची जी पॉवर जाते ती आपल्या हातात असते, आणि मला विचाराल तर खान्देशात गाडी फास्ट करायची म्हणजे अर्धं काम साफसफाईचं आहे.

सगळ्यात आधी एअर फिल्टर. आपल्याकडची धूळ काळ्या मातीची, पिठासारखी बारीक, भुसावळकडं असाल तर दीपनगरच्या वीजकेंद्राची राख, कापसाच्या जिनिंगजवळ राहता तर रुईचे तंतू, हे सगळं त्या कागदी फिल्टरवर बसतं. मॅन्युअलमधे जेवढे किलोमीटर लिहिलेत त्याच्या निम्म्यात उघडून बघा. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर तो हवा मारून साफ होत नाही, बदलायचाच, आणि पेट्रोलने धुवायचं तर नावच काढू नका. आता परफॉर्मन्स फिल्टर. कंपनीच्या एअरबॉक्समधे, म्हणजे फिल्टरच्या बंद डब्यात बसणारा, धुऊन परत वापरायचा कापडी फिल्टर चालतो, फरक थोडाच पडतो पण पडतो, फक्त धुतल्यावर त्याचं तेल मोजकंच लावा, जास्त झालं की सेन्सरवर जातं. एअरबॉक्स काढून तो उघडा शंकूसारखा फिल्टर लावतात ना, तो मात्र नको. मी लावला होता. दोन महिने काय आवाज यायचा भो, पोरं वळून बघायची, मग ऑईल कमी व्हायला लागलं, मग निळा धूर, आणि इंजिन खोललं तर सिलेंडरला उभे ओरखडे, धुळीने पॉलिश पेपरसारखं घासलेलं. ब्लॉक, पिस्टन, रिंगा सगळं नवीन. आणि वरून तो फिल्टर इंजिनजवळची गरमच हवा ओढतो, म्हणजे ४५ डिग्रीतपण अजून गरम, पॉवर वाढायच्या ऐवजी घटते.

मग पुढं रेडिएटर, त्याच्या जाळीत माती आणि किडे अडकलेले असतात, ते कमी प्रेशरच्या पाण्याने धुवा, वॉशिंग सेंटरच्या गनने मारलं तर पत्र्या वाकतात. चेन साफ करून मॅन्युअलप्रमाणे ढील ठेवा, एकदम ताणून ठेवणारे पण भेटतात, त्यात गिअरबॉक्सचं बेअरिंग मरतं. मागचं चाक उचलून हाताने फिरवा, लगेच थांबत असेल तर ब्रेक धरतोय, डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर साफ करा, त्यात तुमची पॉवर फुकट जात होती. टायरची हवा बघा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची बारीक फट, कित्येकांनी गाडी घेतल्यापासून चेक केलेला नसतो, तो मॅन्युअलच्या मापात आणला की कधी कधी गाडी नवीन झाल्यासारखी वाटते. ऑईल जेएएसओ एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑईलमधल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलंच, कारचं स्वस्तातलं टाकलं की क्लच घसरतो, आरपीएम वाढतो पण गाडी जात नाही.

एवढं केल्यावर मग पैसे खर्च करायचे, आणि सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचा. यात इंजिनची पॉवर वाढत नाही हे आधी समजून घ्या, फक्त चाकाला जोर जास्त मिळतो. समजा पुढं १४ दात आणि मागं ४५ आहेत, रेशो ३.२१. पुढचं १३ केलं तर ३.४६, म्हणजे पिकअप जवळपास पावणेआठ टक्के वाढला. अजिंठ्याच्या घाटात केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना गिअर कमी करावा लागत नाही, हे लगेच कळतं. बदल्यात टॉप स्पीड तेवढाच खाली येतो, धुळे हायवेला इंजिन जास्त ओरडतं, ॲव्हरेज थोडं पडतं. पुढचं स्प्रॉकेट फार बारीक केलं तर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवरची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरची) रबरी पट्टी खाते, म्हणून पुढं एका दातापेक्षा जास्त कमी करू नका, नाहीतर मागचे दोन-तीन दात वाढवा. ज्या गाडीत स्पीड गिअरबॉक्सवरून घेतात तिथं मीटर जास्त दाखवणार, मित्राला १४० दाखवून खुश होऊ नका.

वजनाचा हिशोब तर कोणी करतच नाही. गाडी १४२ किलो, तुम्ही ७०, आणि लोखंडी क्रॅशगार्ड, मागं कॅरिअर, डिकीत अवजारं धरून सहा-सात किलो, ते काढलं तर तीन टक्के फुकट मिळाले. पोटाचं मी बोलत नाही.

प्लगबद्दल, आयरिडियम टाकला की पॉवर वाढते असं दुकानवाले सांगतात, नाय वाढत, टिकतो जास्त एवढंच. ९५ ऑक्टेनचं पेट्रोलपण तसंच, उन्हात लोडवर इंजिन टकटक करत असेल तर फायदा, नाहीतर खिशाला फटका.

आता सायलेन्सर. फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा लावला आणि बाकी काही केलं नाही तर आवाज वाढतो, पॉवर जवळपास तिथंच, उलट मिश्रण पातळ होऊन गाडी गरम होते, ॲक्सिलेटर सोडला की फटाके फुटतात. खरा फायदा हवा तर फिल्टर, सायलेन्सर आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं त्याची सेटिंग, हे तिन्ही सोबत करावं लागतं, मॅपिंगसाठी बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स पोरं वापरतात, आणि एवढं करून छोट्या गाडीत एखाद-दोन घोडेच मिळतात. जुनी कार्बोरेटरवाली असेल, पहिली करिझ्मा वगैरे, तर मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकून थोडं पळवा आणि प्लग काढून बघा, बिस्किटासारखा तपकिरी रंग बरोबर, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त. बोअर वाढवणं, कॅम बदलणं हे या लेखात नाही, ते साधं काम नाही.

रस्त्यावरच्या गाडीला कॅटकॉन (धुरातलं विष कमी करणारा भाग) काढलेला कर्कश सायलेन्सर मात्र लावू नका. परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ नंतर बदलामागं ५ हजार दंड आहे, आवाज-प्रदूषणाचं कलम लागलं तर १० हजारापर्यंत आणि लायसन तीन महिने बंद. शिवाय वॉरंटी गेली, आणि इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी तेवढंच शोधत असतो.

जे कराल ते एका वेळी एकच करा. आधी पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते मागं बसलेल्या मित्राला मोजायला लावा, तीन वेळा, बदल केल्यावर परत त्याच रस्त्यावर त्याच वेळेला, तोच मित्र मागं बसवून. दुपारी मोजलं तर उन्हाचे सहा टक्के मधे घुसतात आणि काहीच कळत नाही.

आणि निघालेले पार्ट भंगारात देऊ नका. मी एअरबॉक्स गोणीत बांधून माळ्यावर टाकला होता म्हणून वाचलो, ब्लॉक बदलल्यावर तोच परत बसवला, आता गाडीवर तोच आहे.