ऑनलाइन सर्वेक्षणाच्या सर्व विभागांना सारखे प्रतिसाद कसे मिळवावेत

ऐंशी-नव्वद प्रश्नांची प्रश्नावली शेवटपर्यंत मन लावून भरणारे फार थोडे असतात. म्हणून ती विभागांत वाटून प्रत्येक उत्तरदात्याला त्यांपैकी काहीच विभाग द्यावेत, हा मार्ग योग्य आहे. परंतु वाटणी नीट झाली नाही, तर एका विभागाला ४०० आणि दुसऱ्याला १०० प्रतिसाद मिळतात. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीला (म्हणजे शंभरपैकी सुमारे ९५ वेळा) पहिल्या विभागातील टक्केवारी जास्तीत जास्त सुमारे ५ टक्क्यांनी, तर दुसऱ्यातील सुमारे १० टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. अशा दोन टक्केवाऱ्या एकाच तक्त्यात शेजारी मांडणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरते.

प्रथम वय, शिक्षण, व्यवसाय यांसारखे, पुढे प्रत्येक विभागाशी ताडून पाहायचे प्रश्न वेगळे काढून सर्वांना सुरुवातीलाच विचारावेत. उरलेल्या प्रश्नांचे विभाग प्रश्नसंख्येवर नव्हे, तर भरण्यास लागणाऱ्या वेळेवर बेतावेत, कारण लांबलेल्या विभागातून लोक अर्ध्यावर बाहेर पडतात. चार-पाच जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन घड्याळ लावले, तरी पुरेसा अंदाज येतो.

विभाग निवडण्याची मोकळीक उत्तरदात्याला कधीही देऊ नये. आवडीचा विषय निवडणाऱ्यांची मते त्या विषयाबाबत मुळातच वेगळी असतात, आणि हा दोष नंतर संख्या जुळवून निघत नाही. निवड चिठ्ठी टाकल्यासारखी व्हावी. तरीही नुसत्या योगायोगाने ३०० जण ३ विभागांत वाटले, तर एखाद्या विभागात ८५ आणि दुसऱ्यात ११५ जण येणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून प्रत्येक नव्या उत्तरदात्याच्या वेळी सर्वांत कमी भरलेले विभाग पाहावेत आणि ते एकाहून अधिक असल्यास त्यांतून यादृच्छिक निवड करावी.

खरी चूक होते ती मोजणीत. विभाग किती जणांना दाखवला हे मोजून वाटप केले, तर आकडे समान दिसतात. पण कठीण किंवा कंटाळवाण्या विभागातील गळती त्यात लपून राहते. पूर्ण झालेले आणि तपासणीत टिकलेले प्रतिसादच मोजावेत. अवघ्या काही सेकंदांत किंवा सर्वत्र एकच पर्याय निवडून भरलेले प्रतिसाद वगळावेत. एकाच वेळी अनेक जण भरत असतील, तर भरणे चालू असलेलेही ठरावीक काळापुरते, उदाहरणार्थ अर्धा तास, हिशेबात धरावेत. नाहीतर ते सगळे एकाच रिकाम्या विभागाकडे वळतील. हे काम पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे. तूट शेवटच्या आठवड्यात भरून काढली, तर त्या विभागात उशिरा आलेल्यांचीच गर्दी होते, म्हणजे संख्या जुळते पण माणसे जुळत नाहीत.

लाइमसर्व्हे या ऑनलाइन सर्वेक्षणाच्या साधनात समीकरण-प्रकारच्या (उत्तर सूत्राने ठरणाऱ्या) प्रश्नात यादृच्छिक अंक काढून त्यावर विभागांच्या अटी लावता येतात. अंक एकदा मिळाल्यावर बदलू नये, अशी अट सूत्रातच घालावी. गूगल फॉर्म्समध्ये अशी सोय नसल्याने जन्ममहिना विचारून उत्तरानुसार विभागाकडे पाठवावे. ४ विभाग असल्यास जानेवारी, मे आणि सप्टेंबर एका विभागाला, अशी विखुरलेली वाटणी करावी. लागोपाठचे महिने एकत्र ठेवल्यास शाळाप्रवेशाच्या वयासारखे फरक त्यात शिरू शकतात. प्रत्येक विभागानंतर फॉर्म सादर होईल, असे ठरवायला विसरू नये. अन्यथा उत्तरदाता आपोआप पुढच्या विभागात जातो.

दोन विभागांतील उत्तरांचा परस्परसंबंध पाहायचा असल्यास प्रत्येकाला दोन विभाग द्यावेत आणि जोड्याही समान वाटाव्यात. ४ विभागांच्या ६ जोड्या होतात. ६०० जणांत प्रत्येक जोडीला १०० आणि प्रत्येक विभागाला ३०० प्रतिसाद मिळतात. जोडीतील विभागांचा क्रमही अर्ध्या लोकांसाठी उलटा ठेवावा, कारण दुसऱ्या विभागापर्यंत थकवा आलेला असतो.

माहिती साठवताना न विचारलेल्या प्रश्नाला आणि विचारूनही उत्तर न दिलेल्या प्रश्नाला निरनिराळे संकेतांक द्यावेत आणि प्रत्येक तक्त्याखाली त्या विभागाची प्रतिसादसंख्या छापावी.