नद्यांचे उगम पाठ करताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे पेपर तपासताना दरवर्षी त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती आपल्या गोव्यातल्या घरच्याच नदीवरच्या चुकीची, मांडवीचा उगम म्हणे दूधसागर धबधबा! पोरांना घेऊन कुळ्याहून जीपने तिथे गेलो होतो, तर बरोबरच्या एका माणसाने छातीठोकपणे सांगितलं की मांडवी इथेच जन्मते, आणि पोरांनी लगेच वहीत उतरवूनही घेतलं. म्हटलं, अरे वर बघा, ३०० मीटरवरून पाणी कोसळतंय म्हणजे नदी आधीच वरून वाहत आली ना? मग हा उगम कसा? एक मुलगी म्हणाली, "पण सर, व्हॉट्सअपच्या चार्टमध्ये पण हेच आहे." त्या चार्टांनीच तर वाट लावलीय. दूधसागरचं पाणी खांडेपार नदीत जातं, ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पातून पणजी-फोंड्याच्या नळाला येतं ते याच नदीचं, आणि खांडेपार ही मांडवीची उपनदी. खुद्द मांडवी, म्हणजे आपली म्हादई, उगम पावते कर्नाटकात, खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलाकडे.

त्याच तालुक्यात चोर्ला घाटाने बेळगावला जाताना कणकुंबी लागतं, तिथे मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी बंगालच्या उपसागरात, आणि तिथलाच कळसा नाला म्हादईत येतो, म्हणजे पाणी अरबी समुद्रात. दोन उगम इतके जवळ आणि समुद्र वेगळे. गोवा-कर्नाटकातला पाण्याचा तंटाही इथलाच, २०१८ मध्ये म्हादई लवादाने कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं ३.९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला मलप्रभेत वळवायला दिलं. हा एवढा तुकडा नकाशावर नीट बघितला ना, की पाणलोट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी चूक मध्य प्रदेशातल्या अमरकंटकची. नर्मदा तिथली, शोणही तिथलीच, म्हणून तापीलाही तिथेच ढकलतात. तापी मुलताईची, बैतूल जिल्ह्यातली! आणि शोण उत्तरेला जाऊन गंगेला मिळते, नर्मदेसारखी पश्चिमेला नाही.

बाकीचं थोडक्यात. गोदावरी त्र्यंबकेश्वरची, कृष्णा महाबळेश्वरची, भीमा भीमाशंकरची, या तिघींची अदलाबदल करू नका. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा तिबेटातून येतात, हिमाचल किंवा आसाम लिहू नका. तेरेखोल आणि शापोरासुद्धा गोव्यात उगम पावत नाहीत, महाराष्ट्रातून येतात.

मी काय करायला लावतो, तर कोरा नकाशा घ्यायचा आणि नदीच्या मुखापासून पेन्सिलने उलटं वर जायचं, वाटेत मिळणाऱ्या उपनद्या लिहीत. वेळ लागतो, पोरं कंटाळतात, "सर, नुसती लिस्ट द्या ना" म्हणतात. लिस्ट मी देत नाही. गंगा तर अशीच करायची, देवप्रयागला आलात की थांबा, तिथे अलकनंदा आणि भागीरथी एकत्र आल्यावरच गंगा हे नाव लागतं, मग भागीरथीने वर गंगोत्री, आणि तिच्याही पुढे गोमुख.