फ्लाय स्वॅपच्या पाकिटात मोरपीस नको

परदेशातल्या फ्लाय टाईंगवाल्यांशी, म्हणजे मासेमारीसाठी गळावर पिसं-धागे गुंडाळून नकली किडे (फ्लाय) बांधणाऱ्यांशी, ओळख झाली आणि टपालाने फ्लाय-सामानाची अदलाबदल (स्वॅप) ठरली की पहिली मागणी येते मोरपिसाचीच, कारण प्रिन्स निम्फसारख्या फ्लायचं सगळं अंग त्या हिरवट-तांबूस तंतूंनीच गुंडाळतात आणि आपल्याकडे पिसं सहज मिळतात. पण भारतातून मोरपीस बाहेर पाठवायला बंदी आहे, आपोआप गळून पडलेलं असलं तरीसुद्धा, तेव्हा मित्र कितीही जवळचा असो सरळ नाही म्हणा. रानकोंबड्याच्या मानेची पिसं तर अजिबातच नको, तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

त्याऐवजी जरीचा धागा पाठवा ना! हा बारीक धागा फ्लायच्या अंगावर विरळ वेढे देत गुंडाळला की पाण्यात काय मस्त चमकतो, शिवाय रेशमाच्या लडी आहेतच.

बांधलेल्या फ्लाइज पाठवताना गळाचं टोक फोमच्या तुकड्यात नीट रोवायचं आणि तो तुकडा छोट्या टिनच्या डबीत बसवायचा, नुसत्या पाकिटात टाकल्या तर पिसं चेपतात आणि पाकीट उघडणाऱ्याच्या बोटात गळ घुसतो. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहू नका, 'हाताने बांधलेल्या फिशिंग फ्लाइज, १२ नग, स्टीलचे गळ, सिंथेटिक धागा' असं इंग्रजीत स्पष्ट लिहा, किंमतही खरी टाका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला पिसं-केसांची तपासणी फार कडक असते, तिकडे सिंथेटिकच बरं. आणि वापरलेल्या फ्लाइज कुणालाच पाठवू नका प्लीज, एका नदीतली घाण दुसऱ्या नदीत जाते.