जात्यावरच्या ओव्या यंत्राकडून उतरवून घेताना

बीड, परभणी, जालना या भागांत दळताना ओव्या म्हणणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि बोललेले लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता साध्या मोबाइलवर आली आहे. तिचा उपयोग अवश्य करावा; मात्र तिला कारकुनाचे काम द्यावे, कवीचे देऊ नये.

प्रथम परवानगी. "मावशी, रेकॉर्ड करू का?" एवढे विचारून भागत नाही. आवाज कोण ऐकणार, तो इंटरनेटवर जाणार का, त्यावर एखादे यंत्र शिकवले जाणार का, हे त्यांना उमजेल अशा शब्दांत सांगावे आणि त्यांचा होकार त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ३८ गाणाऱ्यालाही कलावंत म्हणून हक्क देते आणि तो ५० वर्षे टिकतो. ज्या ॲपमध्ये आपली माहिती प्रशिक्षणासाठी न देण्याची सोय नसेल, त्यात हा आवाज टाकू नये.

ओव्या दोनदा म्हणवून घ्याव्यात, एकदा जाते फिरत असताना आणि एकदा नुसत्या. घरघरीत यंत्राला शब्द नीट सापडत नाहीत. पण जात्याच्या फेऱ्याशिवाय ओवीची चालही पुरती कळत नाही, म्हणून पहिले रेकॉर्डिंग पुसू नये.

खरे काम यानंतर सुरू होते. यंत्र प्रमाण मराठीवर पोसलेले असल्यामुळे ते आपल्याकडची बोली ऐकतानाच 'सुधारते'. 'करायलाय'चे 'करत आहे' झाले तर निदान अर्थ तरी राहतो. माझ्या आत्याच्या ओवीतला 'मपला बंधू' मात्र 'आपला बंधू' होऊन आला आणि जो भाऊ तिचा एकटीचा होता, तो साऱ्या गावाचा झाला. गाताना लांबवलेले स्वर आणि 'गं बाई'सारखी पालुपदे यंत्र गाळते, तर कधी निव्वळ शांततेतही न म्हटलेले वाक्य घुसडते. म्हणून यंत्राचा मजकूर कच्चा खर्डा मानून प्रत्येक ओळ कानाने तपासावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा उपक्रम चालवला; त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. तो साठा माणसांनीच ऐकून, लिहून उभा केला, हे ध्यानात ठेवावे. प्रमाण मराठीतला अर्थ हवा असल्यास तो वेगळ्या फाइलमध्ये लिहावा, मूळ ओळीवर गिरवू नये.

आठवणीतून निसटलेला चरण चॅटबॉटकडून पुरा करून घेण्याचा मोह होतो. तो करून देईल, यमकही जुळवील, आणि पुढे तीच ओळ मावशींच्या नावावर फिरत राहील. जागा रिकामी सोडून तेथे 'आठवत नाही' असे लिहावे. गाव, तारीख, गाणाऱ्या बाईंनी सांगितले असेल तसेच नाव आणि मजकूर कोणत्या साधनाने उतरवला, ही नोंद प्रत्येक फाइलसोबत ठेवावी.

शेवटी उतरवलेली ओवी त्यांना वाचून दाखवावी. चुका त्या सांगतीलच. पण ऐकता ऐकता त्यांना पुढची ओवीही हमखास सुचते, तेव्हा वाचायला बसण्याआधी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलेले असावे.