चालता चालता बंद पडणारा जुना डिझेल ट्रक: दोष कसा शोधावा

ट्रक रस्त्यात बंद पडला की हात आधी पान्यांच्या पेटीकडे जातो. तो आवरा आणि इंजिन नेमकं कसं बंद पडलं ते आठवा. दिव्याचं बटण दाबावं तसं एका क्षणात गप्प झालं? की आधी ओढ कमी झाली, दोन-चार गचके बसले, रेस खालीवर झाली आणि मग दम तुटला? गाडी कामाला आली की चालकाला मी सगळ्यात आधी हेच विचारतो. पुढची अर्धी शोधाशोध या उत्तरावर ठरते.

इथे मी मुख्यतः मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनाबद्दल लिहितो आहे. त्याला ठिणगी लागत नाही. हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन मिळालं की ते चालतं. कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन पंधरा मिनिटं विश्रांती घेऊन पुन्हा पहिल्यासारखं धावू लागत नाही. म्हणून बंद पडून परत सुरू होणाऱ्या ट्रकात बहुतेक वेळा दोनच शक्यता उरतात: डिझेल पंपापर्यंत नीट पोचत नाही, किंवा पोचलेलं डिझेल मध्येच तोडलं जातं. गचके खात मेलं तर आधी पहिली तपासा, एकदम गप्प झालं तर दुसरी.

सेल मारण्याआधी (स्टार्टर फिरवण्याआधी)

इंजिन थांबलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणजे टाकीत शिल्लक असलेल्या हवेवरच ब्रेक लागणार. पेडल पुन्हा पुन्हा पंप करू नका; एकदाच नीट दाबून गाडी कडेला घ्या. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या, मागे त्रिकोण ठेवा. केबिन उचलत असाल तर तिचं लॉक बसल्याची खात्री झाल्याशिवाय खाली वाकू नका.

मग तापमानाचा काटा आणि ऑइलची काडी बघा. बंद पडण्याआधी ठोका आला असेल, ऑइलचा दिवा लागला असेल किंवा काटा लालमध्ये गेला असेल तर सेल मारू नका. काडीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला तरीही नाही. काही इंजिनांत फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटला की डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि ते फार वाढलं तर इंजिन तेच ऑइल जाळून आपोआप रेस घेऊ शकतं.

गचके खात बंद पडत असेल तर टाकीपासून सुरुवात करा

गेजवर विश्वास ठेवू नका, टाकीत स्वच्छ काठी बुडवून डिझेल किती आहे ते बघा. झाकण उघडताना कान द्या. बंद पडल्यावर लगेच झाकण सैल केलं आणि हवा आत ओढल्याचा ‘स्स्स’ आवाज आला, तर टाकीचं श्वासाचं छिद्र बुजलेलं आहे. डिझेल उपसलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढता येत नाही. छिद्र साफ करा, प्रश्न तिथेच मिटेल.

त्यानंतर सेडिमेंटर (पाणी-गाळ साठवणारी वाटी) किंवा फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाला बसतं आणि दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळा, बुळबुळीत साका असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी वाढली आहे. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. फिल्टर किती जुना आहे हे नक्की सांगता येत नसेल तर तो बदलून टाका, त्यावर जास्त विचार करू नका.

आता एक नेहमीचं कोडं. ट्रक वीस मिनिटं छान चालतो, चढावर मरतो, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा छान चालतो. टाकीत तरंगणारा कचरा ओढ्याच्या पाइपच्या (डिझेल ओढून नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाला चिकटतो. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि कचरा सुटून जातो. पाइप फीड पंपाच्या आधी सोडा, टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि टाकीच्या दिशेने कमी दाबाची हवा फुंका. टाकीत बुडबुडे मोकळेपणाने वाजले पाहिजेत.

एअर कुठून घेतो ते शोधणं

जुन्या ट्रकांत मला सगळ्यात जास्त दिसलेला दोष हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट याच्यापायी बदलले जातात. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे तिथे फट असली तर इंजिन चालू असताना बाहेर एक थेंबही दिसत नाही, फक्त हवा आत शिरते. पाइप कोरडा आहे म्हणून तो चांगला, हे गृहीत धरू नका. सकाळी बराच वेळ सेल मारावा लागत असेल तर संशय अजून पक्का: रात्रभरात त्याच फटीतून हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं.

तपासायचं असं. फिल्टर आणि मुख्य पंप (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलांना दाबाने डिझेल देणारा) यांच्या मधला पाइप काढून तिथे डिझेल चालेल असा पारदर्शक नळीचा तुकडा क्लिपने घट्ट बसवा. एअर काढा (पद्धत पुढे दिली आहे), इंजिन सुरू करा आणि नळीकडे बघत राहा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडून द्या. दोन-तीन मिनिटांनंतरही मोत्यांच्या माळेसारखे बारीक बुडबुडे येत राहिले तर हवा शिरते आहे. मग तोच तुकडा फीड पंपाच्या आधी लावा. तिथेही बुडबुडे असतील तर दोष टाकीच्या बाजूला. नसतील तर फीड पंप, हँड प्रायमर (डिझेल भरायचा हातपंप) किंवा फिल्टरच्या सीलमध्ये.

याहून पक्की खूण हवी असेल तर पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. कॅन सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधून ठेवा. फीड पंपाचा ओढ्याचा पाइप आणि रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारा) दोन्ही त्यात सोडा आणि इंजिन चालवा. कॅनवर ते तासभर बिनतक्रार चाललं, तर पंप आणि नोझल बहुधा निर्दोष आहेत. दोष बहुतेक टाकी आणि तिच्या पाइपांतच आहे.

ही चाचणी मी एकदा उशिरा केली, त्याचं अजून वाईट वाटतं. फिल्टर बदलला, फीड पंप बदलला, मुख्य पंप उतरवून बेंचवर पाठवला. तो ठणठणीत निघाला. शेवटी टाकीपासून येणारा हातभर रबरी पाइप उभा चिरला. बाहेरून तो नव्यासारखा होता. आत अस्तराचा नखाएवढा पापुद्रा सुटून एका टोकाला लटकत होता. कमी रेसवर तो बाजूला राहायचा, ओढ वाढली की झडपेसारखा तोंडावर बसायचा. तेव्हापासून जुना रबरी पाइप मी तपासत नाही, सरळ बदलतो.

सांधे सोडाल तिथे बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घाला. नवे मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून थंड करा. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं.

एअर काढण्याची पद्धत

फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करा आणि हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. हेच पंपावरच्या स्क्रूवर करा. तरीही इंजिन उचलत नसेल तर दोन नोझलांकडचे पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून सेल मारा, पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये स्टार्टरला मिनिटभर थंड होऊ द्या. नटाखाली डिझेल दिसलं की आवळा. हात आणि डोळे त्या पाइपांपासून लांब ठेवा. नोझलचा फवारा कातडी फोडून आत जातो, आणि तसं झालं तर जखम कितीही छोटी दिसो, लगेच डॉक्टर गाठायचा. कॉमन रेल इंजिनात (इलेक्ट्रॉनिक, फार जास्त दाबाच्या) हे नट कधीही सैल करू नका.

एका क्षणात गप्प होत असेल तर

पंपावर डिझेल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप असते. बहुतेक गाड्यांत वीज मिळते तोवर ती उघडी राहते आणि वीज गेली की मिटते. किल्ली फिरवा आणि सोलेनॉइडची वायर काढून परत टेकवा, ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग इंजिन चालू असताना वायर हलवून बघा: किल्लीचा स्विच, फ्यूजचा पाया, बॉडी अर्थ. गंजलेला अर्थ हा फार वेळा सापडणारा गुन्हेगार आहे. शंका राहिलीच तर बॅटरीपासून फ्यूज घातलेली वेगळी वायर तात्पुरती सोलेनॉइडला द्या. गाडी १२ व्होल्टची की २४ ची, ते सोलेनॉइडशी जुळवून घ्या. आता ट्रक बंद पडेनासा झाला तर दोष वायरिंगमध्ये. तरीही पडला आणि त्या क्षणी सोलेनॉइडवर वीज होती, तर त्याची कॉइल गरम होऊन सोडते आहे. या जोडणीत किल्लीने इंजिन बंद होणार नाही, वायर काढून बंद करावं लागेल, हे गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

ओढून बंद करायची केबल असलेल्या गाडीत केबल पूर्ण परत जाते का ते बघा. अर्धवट अडकलेली केबल इंजिनाचा गळा धरून ठेवते.

बाकीचं थोडक्यात

फक्त सिग्नलला, क्लच दाबल्यावर बंद पडत असेल तर आयडलिंग (पाय सोडल्यावरची रेस) कमी आहे का बघा. ते उत्पादकाच्या आकड्यावर आणा. एअर फिल्टर चोक असेल तर काळा धूर आणि मेलेली ओढ दिसते, नुसतं अचानक बंद पडणं क्वचितच.

रोटरी पंपाचा (एकच फिरता भाग सगळ्या नोझलांना डिझेल वाटतो असा) ट्रक गरम झाल्यावर बंद पडून लवकर उचलत नसेल तर बंद इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं ठेवून तो थंड होऊ द्या. थंड झाल्यावर लगेच सुरू झाला तर पंप आतून झिजला आहे: गरम, पातळ डिझेल निसटून जातं आणि दाब बनत नाही. चालू इंजिनाच्या तापलेल्या पंपावर थंड पाणी मात्र ओतू नका, तो जाम होऊ शकतो.

इलेक्ट्रॉनिक पंपाची गाडी असेल तर आधी स्कॅनर लावून साठलेले कोड वाचा. तापल्यावर सिग्नल सोडणारा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) हा तिथला नेहमीचा संशयित.

दुरुस्ती झाली की ट्रक ज्या वजनाला आणि जितक्या वेळानंतर बंद पडायचा, तितकाच पुन्हा चालवा. पारदर्शक नळी काढून पक्का पाइप बसवा, एअर काढा, सोडलेला प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल मारण्याआधी, त्याच सांध्यांवरून पुन्हा कोरडा कागद फिरवा.