पुढची कातडी मागे सरत नसेल तर काय करावे

लिंगाची पुढची कातडी मागे सरत नाही किंवा सरताना दुखते, याला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. लहान मुलांत ती आतून चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते. म्हणून बाळाला आंघोळ घालताना ती ओढू नका. ओढल्याने चिरा पडतात, त्या भरताना व्रण राहतो आणि कातडी खरोखरच आखडते.

मोठ्या माणसाने आधी नीट पाहावे. कोमट पाण्याने आंघोळ करताना कातडी ताण जाणवेपर्यंतच मागे न्या, दुखेपर्यंत नको. लघवीला त्रास नाही, संबंधाच्या वेळी दुखत नाही, आतली जागा साध्या पाण्याने धुता येते, तर उपचाराची गरजच नाही. टोकाशी पांढरट, कडक कडे दिसले तर मात्र घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा.

पूर्वी सहज सरणारी कातडी चाळिशीत अचानक घट्ट झाली, चिरा आणि खाज आली, तर पहिली तपासणी रक्तातील साखरेची. मधुमेहाची पहिली खूण कधी कधी इथेच दिसते. साखर आटोक्यात आल्याशिवाय कातडीखाली बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनीही हा संसर्ग होऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

संसर्ग नसेल तर डॉक्टर बहुधा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड मलम देतात. आखडलेल्या कड्यावर पातळ थर, साधारण दिवसातून दोनदा, 4 ते 8 आठवडे. सोबत, डॉक्टर सांगतील तेव्हापासून, कातडी हलकेच मागे नेऊन काही सेकंद धरायची. अनेकांची शस्त्रक्रिया एवढ्यानेच टळते, पण दोन दिवसांत फरक दिसत नाही म्हणून जोर लावला की सगळे फुकट जाते. मेडिकलमधून मनाने आणलेले ‘थ्री इन वन’ मलम (स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचे औषध एकत्र असलेले) तर नकोच.

एक गोष्ट कधीही विसरू नका: मागे नेलेली कातडी लगेच पुढे आणायची. ती मागेच अडकून टोक सुजले, तर रक्तपुरवठा तुटू शकतो. सूज दाबून कमी करत कातडी पुढे आणून पाहा. जमत नसेल तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात जा. घरातल्या आजोबांना लघवीची नळी घातली असेल, तर नळी घातल्यावर कातडी पुढे आणली का, हे आवर्जून विचारा.

मलमाने भागले नाही तर सुंता, किंवा कातडी राखून फक्त कडे सैल करणारी छोटी शस्त्रक्रिया होते. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. संबंध साधारण 4 ते 6 आठवडे टाळावे लागतात.

भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. सरकारी रुग्णालयात त्वचारोग किंवा शल्यचिकित्सा विभाग, खासगीत युरोलॉजिस्ट. केसपेपर काढताना लाज वाटली, तर ‘लघवीच्या जागेची तक्रार’ एवढे सांगितले तरी पुरते. बाकीचे आत डॉक्टरांना सांगा.