हेडलाइट बंद पडला? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

एका बाजूचा हेडलाइट लागत नाही म्हटलं की पहिला हात बल्बकडे जातो. जुना काढला, नवा बसवला, पेटला की बॉनेट खाली. बऱ्याचदा एवढ्यानं काम होतंही, आणि म्हणूनच न तपासता बदलायची सवय लागते. मग महिन्याभरात तोच बल्ब पुन्हा उडतो, नाहीतर होल्डर वितळतो, नाहीतर उजेड पडतो पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. यातल्या बहुतेक गोष्टी पाच मिनिटांच्या तपासणीनं टळतात. ती पाच मिनिटं कुणाला द्यायची नसतात, हीच खरी अडचण आहे.

तपासणीचा क्रम साधा ठेवा. एकाच बाजूचा डिप्पर (खाली झुकलेला, जवळचा उजेड) गेला असेल तर त्या बाजूचा बल्ब, कनेक्टर, अर्थिंग (करंट गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या मायनसला परत जातो तो जोड) आणि त्या बाजूचा फ्यूज एवढ्यातच दोष असतो. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात. दोन्ही डिप्पर एकदम गेले तर रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), स्विच किंवा सामाईक फ्यूज बघा. दोन्ही बल्ब मात्र एकाच दिवशी बसवलेले असले, तर एक आधीच उडालेला आणि लक्षात आलं ते दुसरा गेल्यावर, असंही होतं. रिलेवर संशय असेल तर फ्यूज बॉक्समधला त्याच नंबरचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून बघा. लाइट लागला तर प्रश्न मिटला.

बल्ब काढून नीट बघा. तार तुटलेली दिसली तर निकाल लागला. काचेच्या आत पांढरट पावडर असेल तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे. काचेला एका जागी फोड आला असेल तर बसवताना कुणाचं तरी बोट लागलं होतं. डोळ्यांना तार शाबूत दिसते पण बल्ब पेटत नाही, तेव्हा मल्टीमीटर ओहमवर लावा. इथे नवखे हमखास फसतात. ५५ वॅटच्या बल्बची थंड तार अर्ध्या ओहमच्याही खाली रीडिंग देते. ते शून्याजवळचं बघून ‘बल्ब शॉर्ट आहे’ म्हणत चांगला बल्ब फेकून देतात. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या मानानं दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. रीडिंग आलं म्हणजे तार शाबूत, काहीच आलं नाही म्हणजे तुटलेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक: बल्ब काढून व्होल्टेज मोजणं

ही चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं. कनेक्टर बल्बवरून काढायचा, मल्टीमीटरच्या पिना त्यात घालायच्या, १२ व्होल्ट दिसले की ‘वायरिंग ओके’ म्हणायचं. या मोजणीला काही अर्थ नाही. मल्टीमीटर जवळजवळ शून्य करंट घेतो. दहातल्या नऊ तारा तुटलेली वायर असो की गंजलेला अर्थ, त्याला पूर्ण १२ व्होल्टच दिसतात. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या वर करंट ओढतो, आणि दोष दिसतो तो तेव्हाच. म्हणून बल्ब जोडलेला, लाइट चालू, इंजिन चालू, आणि पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूनं वायरच्या कडेनं आत सरकवलेली. वायरच्या इन्सुलेशनला भोक पाडून मोजू नका, त्याच भोकातून पुढे पाणी शिरतं.

एका गाडीचं प्रकरण समजण्यासारखं आहे. उजवा डिप्पर पिवळट, मंद. मालकानं बल्ब बदलला, फरक नाही. दुसऱ्या कंपनीचा घातला, तरी नाही. कनेक्टर काढून मोजलं, १२.५ व्होल्ट, म्हणजे वायरिंग चांगलं असं ठरलं. मग ‘कंपनीचे बल्बच कमजोर’ म्हणून दोन्ही बाजूंना १००/९० वॅटचे (अप्पर, म्हणजे लांबचा उजेड १००, डिप्पर ९०) बल्ब घातले. उजवीकडे थोडा फरक पडला, आणि तीन आठवड्यांत डावा होल्डर वितळला. डावा, ज्या बाजूला कधीच काही दोष नव्हता!

नंतर बल्ब मूळ क्षमतेचे, ६०/५५ वॅटचे, घातले आणि उजव्या बाजूला बल्ब पेटलेला ठेवून मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या प्लस पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १३.६, म्हणजे येणारी वीज ठीक. बल्बच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.८ व्होल्ट. हा आकडा ०.२ ते ०.३ च्या वर जायला नको. म्हणजे बल्बच्या वाट्याला ९.८ व्होल्टच येत होते. व्होल्टेज १० टक्के घटलं की अशा हॅलोजन बल्बचा उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. इथे तो तिसऱ्या हिश्शावर आला होता. हेडलाइटमागे बॉडीला लावलेला अर्थिंगचा स्क्रू काढला तर वॉशरखाली तपकिरी गंजाची पापडी, वायरचा डोळा (टोकाची धातूची कडी) हिरवा पडलेला. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा डोळा क्रिम्प केला (पक्कडीनं दाबून वायरवर बसवला), स्क्रू आवळून वरून ग्रीस लावलं. आकडा ०.१ वर आला आणि जुनाच बल्ब पांढरा पेटला.

डावा होल्डर का वितळला तेही कळतं. उजवीकडे गंजामुळे करंट अडत होता. डावीकडे अर्थिंग उत्तम, त्यामुळे ९० वॅटचा पूर्ण करंट तिथूनच वाहिला. पिनेच्या सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते: ५५ च्या जागी ९० वॅट म्हणजे करंट १.६ पट आणि उष्णता अडीच पटीहून जास्त. प्लास्टिकचा होल्डर त्यासाठी बनलेलाच नसतो.

अर्थ खराब असल्याची आणखी एक खूण: डिप्पर लावला की डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद लुकलुकतो, किंवा एच४ च्या (डिप्पर आणि अप्पर एकाच बल्बमध्ये असलेल्या प्रकाराच्या) दोन्ही तारा एकदम मिणमिणतात. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या तारेतून पलीकडच्या बल्बमार्फत जमिनीकडे जातो. असं दिसलं तर नवा बल्ब आणायला जाऊच नका. एक खबरदारी मात्र घ्या: काही गाड्यांत एच४ च्या सामाईक पिनेला प्लस असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. कुठली पिन कुठली हे गृहीत धरू नका, मोजून ठरवा.

होल्डर वितळला असेल तर

नवा बल्ब जुन्या वितळलेल्या होल्डरमध्ये खुपसू नका. पिनेची पकड गेलेली असते, ती पुन्हा तापते आणि नव्या बल्बचे पायही काळे करते. सिरॅमिकचा होल्डर आणा, वायर मूळ जाडीची किंवा त्याहून जाड घ्या, क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. बॉनेटखालच्या उष्णतेनं टेपचा गोंद महिन्या-दोन महिन्यांत सुटतो.

बल्ब पेटला म्हणजे नीट बसला असं नाही

ही दुसरी चूक, आणि हिचा त्रास स्वतःला कमी, दुसऱ्यांना जास्त होतो. एच४ च्या चकतीला तीन कान असतात, वरचा बाकी दोघांपेक्षा वेगळा, म्हणजे बल्ब एकाच पद्धतीनं बसतो. डिप्परच्या तारेखाली एक बारीकशी धातूची वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून प्रकाश वर उसळत नाही. बल्ब एक-दोन मिलिमीटर तिरका राहिला तरी हे सगळं गणित बिघडतं. एच७ मध्येही (एकाच तारेचा बल्ब) चकतीचा कान खाचेतच जायला हवा.

बसवल्यावर क्लिप लावण्याआधी बल्ब हलवून बघा, डगमगता कामा नये. मग तारेची क्लिप दाबून दोन्ही टोकं खाचेत अडकली का ते बघा. हात जातो पण डोळा जात नाही अशी जागा असते; मोबाइलचा कॅमेरा आत धरून फोटो काढा. नुसत्या अंदाजानं ‘बसली’ म्हणू नका.

मग भिंत. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा आणि डिप्पर लावा. उजेडाची वरची आडवी रेघ स्पष्ट हवी, आणि हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा भिंतीवर सुमारे ५ सेंटिमीटर खाली हवी. हा १ टक्का उतार बऱ्याच हेडलाइटच्या अंगावर छापलेला असतो. तिथे वेगळा आकडा असेल तर तोच धरा. रेघ तिरकी किंवा पसरट दिसली तर ॲडजस्टिंग स्क्रूला हात लावू नका. आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. वाकडा बल्ब स्क्रू फिरवून सरळ करू पाहणारे पुढे कित्येक महिने दुसऱ्यांच्या डोळ्यांत उजेड मारत गाडी चालवतात.

बाकीच्या चुका थोडक्यात:

बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल आणि मीठ तापलेल्या क्वार्ट्झवर भाजून निघतं, तिथली काच दुधाळ होते आणि फुगते. लागलंच तर बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

फ्यूज उडाला म्हणून मोठा घालू नका. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. उडालेल्या रंगाचाच घ्या. तोही उडाला तर वायर कुठे घासते ते शोधा.

मागची रबरी टोपी लावायला विसरू नका. धूळ आणि वाफ आत गेली की रिफ्लेक्टरची चांदी जाते, आणि ती परत येत नाही.

पावसानंतर हेडलाइटच्या काचेच्या आत हलकं धुकं दिसलं तर घाबरून हवेची छिद्रं सिलिकॉननं बुजवू नका. लाइट लावल्यावर ते जायला हवं. आत पाणी साचत असेल तरच तडा शोधा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालून ‘जास्त उजेड’ मिळवणं हा शॉर्टकट टाळाच. रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. गाडीजवळचा रस्ता उजळतो, लांबचा काळाच राहतो, आणि चकाकी समोरच्यावर.

हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर टूथपेस्टनं आठवडाभर बरं दिसतं. १००० पासून ३००० पर्यंतच्या पॉलिश पेपरनं पाण्यात घासून वर यूव्ही कोटिंग द्या, नाहीतर ती पुन्हा पिवळी पडते.

झेनॉन हेडलाइट घरी उघडू नका. पेटताना त्यात २० हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो.

आणि बल्ब नेहमी जोडीनं बदला.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं डिप्पर लावून ठेवा आणि कनेक्टरपासून वीतभर मागची वायर दोन्ही बाजूंना चाचपा. कोमट चालेल. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर त्या बाजूचा अर्थ आणि होल्डर पुन्हा मोजा, बॉनेट मग लावा.